जमिनीखालचे दिसते, जमिनीवरची माणसे दिसत नाहीत



गेल्या उन्हाळ्यात आपल्या एका पारधी पिढीवर गाडी आली. (दुसऱ्या जिल्ह्यांतल्या साथींसाठी सांगतो, आमच्या धाराशिवकडे पारध्यांच्या वस्तीला पिढी म्हणतात.) गाडीतून चारजण उतरले. त्यांनी माळावर लोखंडी तीन पायांचा घोडा उभा केला, त्याला दोर, कप्पी आणि वजन लावले, आणि ठोकाठोकी सुरू केली. वस्तीत पाण्याची बोंब होतीच. एक आजी पुढे गेली आणि म्हणाली, "साहेब, पानी लागंल का हितं?" "लागंल आजी, लागंल," असे उत्तर मिळाले. मग काय, चहा झाला, दोन पोरे रोजावर पाइप उचलायला लागली. चौथ्या दिवशी घोडा मोडला, गाडी गेली. पाणी नाही, पंप नाही. मागे राहिले मनगट जाईल एवढे उघडे भोक, आणि एका पोराच्या खिशात राहिलेला एक कागद.

तो कागद आम्ही वाचला. त्यात भोकाचा नंबर होता, खोली होती, कोणत्या खोलीवर किती ठोके बसले ते होते, कुठे मुरूम संपला आणि कुठे पाषाण लागला ते सेंटिमीटरपर्यंत होते. आणि वर एक ओळ होती, जमिनीचा वापर : पडीक.

त्या भोकापासून हाकेच्या अंतरावर सोळा घरे आहेत. एक जुना आड आहे, आजीच्या सासऱ्याने खोदलेला. पलीकडे मसणवटा आहे. बाजरीची, तुरीची धसकटे अजून रानात उभी होती. यातले काहीही त्या कागदावर नाही.

आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच. जमिनीच्या पोटात काय आहे हे शोधायचे शास्त्र फार पुढे गेले आहे. ते शास्त्र खोटे नाही, वाईट तर मुळीच नाही. पण ज्या कागदावर खालचा दगड बोटाबोटाने मोजला जातो, त्याच कागदावर वरची माणसे 'पडीक' या एका शब्दात पुसली जातात. म्हणून हे शास्त्र आपल्याला ओळखता आले पाहिजे, आणि कागद आपल्या हातात आला पाहिजे.

यंत्र बघून काम ओळखा

भोक पाडायला आलेला प्रत्येक माणूस पाण्यासाठी आलेला नसतो. यंत्र बघितले की बरेच कळते.

मोठ्या ट्रकवर मशीन आणि सोबत हवेचा कॉम्प्रेसर, प्रचंड आवाज, आणि भोकातून पांढरी-काळी भुकटी उडते आहे, तर ती पाण्याची बोअर. यात दगडाचा भुगा होऊन वर येतो, त्यामुळे खालच्या थराचा अंदाज भुकटीच्या रंगावरून घ्यायचा. भुकटी ओली झाली की पाणी लागले.

तीन पायांचा घोडा आणि वजन वरून सोडून ठोकतात, तर ती पायाची तपासणी. त्यात ६३.५ किलोचे वजन ७५ सेंटिमीटरवरून सोडतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून देऊन पुढची ३० सेंटिमीटर नळी आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. ठोके कमी तर जमीन भुसभुशीत, ठोके जास्त तर घट्ट. हे काम पूल, रस्ता, टॉवर, पवनचक्की, इमारत यांच्या पायासाठी करतात. पाण्याशी याचा संबंध नाही. आजीला "लागंल" म्हणणारा खोटे बोलला.

यंत्र गरगर फिरते, पाणी सोडत सोडत खाली जाते, आणि दगडाचे गोल दांडके वर येते, ते लाकडी पेटीत खणाखणात लावून ठेवतात, तर ती हिऱ्याच्या कडीने केलेली कोर बोअर. दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे किती आले ते जोडून दगड अखंड की फुटका हे ठरवतात. धरण, बोगदा, मोठा पूल किंवा खनिज असे काम असले की हे यंत्र येते. पेटी दिसली की समजा, यामागे मोठे काम आहे.

कधीकधी भोक पाडतच नाहीत. एका रेषेत चार लोखंडी खुंट्या ठोकतात, वायर लावतात, मध्ये एक डबा. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन खुंट्यांवर दाब मोजायचा. खुंट्या जसजशा लांब नेतात तसतसे खोलवरचे कळते. खोली साधारण बाहेरच्या खुंट्यांमधल्या अंतराच्या चौथाई धरा. ओला, कुजका मुरूम वीज लवकर जाऊ देतो, कोरडा घट्ट पाषाण अडवतो. पाण्याची जागा शोधायला ही पद्धत आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरतात. पण लक्षात ठेवा, काळी माती आणि खारे पाणीसुद्धा वीज लवकर जाऊ देतात. नुसता आकडा कमी आला म्हणून पाणी आहेच असे होत नाही. थर वाचणारा माणूस जाणता पाहिजे.

आणखी एक प्रकार म्हणजे जमिनीवर लोखंडी पट्टी ठेवून घणाने मारतात आणि लांबपर्यंत लावलेली छोटी यंत्रे ती धडक ऐकतात. धडक मातीतून हळू जाते, पाषाणातून कितीतरी वेगाने. वेळेच्या फरकावरून खाली पाषाण किती खोल आहे ते काढतात. लोहारा-उमरग्याकडे हे बघून म्हातारी माणसे घाबरतात. घणाने भूकंप होत नाही, घाबरू नका. पण घणाच्या जागी सुरुंग वापरणार असतील, तर ते आधी विचारायचा हक्क तुम्हाला आहे. विहीर, घर, जनावरे जवळ असतील तर नक्कीच विचारा.

किल्लारीने काय शिकवले

जमिनीखाली बघणे आपल्या भागाला नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. तोवर सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याचा होता. वर काळा दगड सगळीकडे सारखा पसरलेला, त्याखाली काय आहे हे वरून कोणाला दिसत नव्हते.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल बोअर घेतली. तिच्यात पहिले ३३८ मीटर आपला ओळखीचा काळा पाषाण निघाला, थरावर थर. त्याखाली फक्त ८ मीटर जुना गाळ. आणि त्याखाली तळापर्यंत अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक. काळा पाषाण त्या मानाने तान्हा, साडेसहा कोटी वर्षांचा. पुढे कोयनेच्या बाजूला गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल बोअर झाली, तिथे हा काळा दगड सव्वा किलोमीटर जाड निघाला. म्हणजे वरून सारखा दिसणारा दगड खाली सारखा नसतो. हे भोक पाडल्यावरच कळले.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, वरून बघून जमीन कळत नाही, तपासावी लागते. तपासणीला सरसकट विरोध करणारे आपण नव्हे. जी तपासणी किल्लारीनंतर झाली, तशी माहिती आधी असती तर घरे तरी वेगळी बांधली असती. दुसरी गोष्ट, जी माहिती लोकांच्या जिवाशी जोडलेली आहे ती लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत आली पाहिजे. ३३८ मीटरचा आकडा आज जगभरच्या शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. किल्लारीपासून सास्तूरपर्यंत किती घरांत ठाऊक आहे, ते तुम्हीच सांगा.

पाण्यासाठी हे शास्त्र मागून घ्या

आता आपल्या पाण्याचे बोलू. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. काळ्या पाषाणात ही म्हण चालत नाही. इथे पाणी मुरलेल्या मुरमात, फुटक्या थरात, दोन थरांच्या सांध्यात असते. एका बोअरला तीन इंची पाणी आणि वीस पावलांवर दुसरी कोरडी ठाक, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. शेजाऱ्याला लागले म्हणून आपल्याला लागेल हा हिशेब चुकतो.

तरी आपण काय करतो? पाणाड्याला बोलावतो, तो नारळ नाहीतर काठी घेऊन फिरतो. मग बोअरचा एजंट येतो. दोनशे फुटांवर धूळ आली की म्हणतो, अजून शंभर मारू. तीनशेवर म्हणतो, आता सोडलं तर पैसा गेला. फुटावर पैसे मोजायचे, म्हणून जितके खोल तितका त्याचा फायदा. सावकाराचे कर्ज, बायकोचे डोरले, आणि शेवटी कोरडे भोक. आम्ही कोणाला हसत नाही. आमच्यातल्याही काहींनी हे केले आहे.

खोल गेले म्हणजे पाणी लागतेच असे नाही. आपल्या पाषाणात बरेचसे पाणी वरच्या थरातच असते. खोलवर लागले तरी ते जुने साठलेले पाणी असू शकते, आणि उपसले की लवकर भरत नाही. म्हणूनच २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हटले आणि अधिसूचित भागात तिला मनाई केली. त्याच्या आधी १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी घातली होती. हे कायदे बागायतदाराला माहीत असतात, तो वाट काढतो. पिढीवरच्या हातपंपाशेजारी दुसऱ्याची बोअर झाली की आपण मात्र गप्प बसतो.

खुंट्यांची तपासणी हा सरकारचा रोजचा उद्योग आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा याच कामासाठी आहे. निवडलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते. तेव्हा आधी खुंट्या, मग बोअर, असा हट्ट धरा. एका चुकीच्या बोअरच्या खर्चात किती तपासण्या होतात ते बघा.

कोणी म्हणेल, आमची वस्ती वनजमिनीवर आहे, तिथे बोअर होत नाही, फॉरेस्टवाले अडवतात. हे अर्धे खोटे आहे. वनहक्क कायदा, २००६ चे कलम ३(२) वाचा. पिण्याच्या पाण्याची सोय, पाइपलाइन, तळी, पाणी साठवण, शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा १३ सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी तीन : एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. यासाठी दिल्लीला जायला लागत नाही, विभागीय वनाधिकाऱ्याच्या पातळीवर काम होते. शिवाय रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात वैयक्तिक कामांसाठी, म्हणजे विहिरीसाठीही, अनुसूचित जमाती आणि वनहक्कधारकांची नावे पहिल्या यादीत होती. पट्टा मिळाला की विहीर मागा.

आड हा पुरावा आहे

परत त्या कागदाकडे येऊ. 'पडीक' लिहिले म्हणून एवढा राग कशाला, असे एका शिकलेल्या मित्राने आम्हाला विचारले. कारण सांगतो.

वनहक्काच्या दाव्यात पारध्यांना, इतर अनुसूचित जमातींप्रमाणे, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. त्यात घर, झोपडी, बांध यांच्याबरोबर विहिरी, दफनभूमी आणि देवस्थाने यांच्यासारख्या जुन्या खुणाही आहेत. म्हणजे आजीच्या सासऱ्याने खोदलेला आड आणि पलीकडचा मसणवटा हे नुसते आड आणि मसणवटा नाहीत, ते आपले कागद आहेत. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याचा सातबारा म्हणजे तो आड.

आता विचार करा. उद्या त्या माळावर काम मंजूर झाले आणि फाइलमध्ये पाहणीचा कागद जोडला, 'जमीन पडीक, वस्ती नाही', तर आपला दावा आणि तो कागद समोरासमोर येणार. एका बाजूला यंत्राचा, शिक्क्याचा, सेंटिमीटरचा कागद. दुसऱ्या बाजूला म्हातारीचा शब्द. साहेब कोणाचे ऐकेल?

त्यातच २०२३ मध्ये वन संरक्षण कायदा बदलला. आता केंद्र सरकार ठरवील त्या अटींवर वनजमिनीवरची पाहणी, शोध, तपासणी, भूकंपलहरींची चाचणी ही 'वनेतर काम' धरली जाणार नाही. म्हणजे गाड्या जास्त येतील, आणि कमी विचारून येतील. पण हेही पक्के ध्यानात ठेवा : पाहणीची सूट म्हणजे प्रकल्पाची मंजुरी नव्हे. आणि वनहक्क कायदा जिथल्या तिथे आहे. कलम ४(५) म्हणते, हक्क तपासून निकाल लागेपर्यंत वनजमिनीवरून कोणाला उठवायचे नाही. कलम ५ ग्रामसभेला जंगल, पाणी आणि आपली वहिवाट राखायचा अधिकार देते. आपल्या धाराशिव जिल्ह्यात पेसा लागू नाही, हे खरे. पण वनहक्क कायदा लागू आहे. जमीन गायरान असेल तर मात्र हा कायदा चालत नाही, तिथली लढाई वेगळ्या कागदांनी लढावी लागते. म्हणून आधी जमीन वनखात्याची की गायरान, हे तलाठ्याकडून नक्की करून घ्या.

आपल्या जिल्ह्यात रेल्वेचा मार्ग आहे, कृष्णेचे पाणी आणायचे काम आहे, माळांवर पवनचक्क्या आहेत. या कामांना जमीन तपासावीच लागते. ती कामे वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. कृष्णेचे पाणी आपल्याही पोरांना प्यायला पाहिजे. पण ज्याच्या अंगणात भोक पाडता त्याला ते कशासाठी, हे खरे सांगायला काय जाते?

यंत्र आले तर काय करायचे

१. आधी नम्रपणे विचारा. काम कोणाचे, कशासाठी, परवानगीचा कागद कुठे? गाडीचा नंबर आणि तारीख वहीत लिहा. मारामारी नको, शिवीगाळ नको. रोजावर आलेला यंत्रवाला आपल्यासारखाच गरीब असतो.

२. कोऱ्या कागदावर सही-अंगठा नाही. 'हजेरीचा कागद आहे' म्हणाले तरी नाही. वाचून दाखवल्याशिवाय नाही.

३. जमिनीचा वापर काय लिहिला ते बघायला मागा. 'पडीक' असेल तर तिथल्या तिथे वस्ती, शेत, आड, मसणवटा, देव यांची नोंद करा म्हणून सांगा. नाही केली तर त्याच दिवशी ग्रामसेवक आणि तहसीलदारांना लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

४. भोकाचा नकाशा आणि थरांची नोंद यांची प्रत मागा. सरकारी काम असेल आणि दिली नाही तर माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ही नोंद आपल्याही कामाची आहे, मुरूम किती खोल आणि पाषाण कुठे, हे फुकटात कळते.

५. भोक उघडे सोडून कोणी जाता कामा नये. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की सोडून दिलेली बोअर माती-वाळूने तळापासून तोंडापर्यंत भरायची, आणि चालू बोअरला कुंपण व झाकण पाहिजे. लेकरू पडल्यावर टीव्हीवाले येतात, आपण आधीच दगड-माती घालू. पण तोंड बुजवायच्या आधी खोली मोजून वहीत लिहा.

६. आपला नकाशा आपण काढा. पुढच्या ग्रामसभेत वस्तीतल्या म्हाताऱ्यांना पुढे बसवा. कोणता आड कोणी खोदला, कोणत्या दुष्काळात, किती हात खोल, पाणी कोणत्या महिन्यात आटते, हे सगळे लिहून ठराव करा. हा ठराव दाव्याला जोडा.

सहाव्या कामाला यंत्र लागत नाही. वही लागते आणि ऐकणारे कान लागतात. त्या पिढीवर हे काम सुरू झाले आहे. आजीने सांगितले की आड बहात्तरच्या दुष्काळात सात परस खोल नेला, खाली काळा पाषाण लागला आणि सुरुंगाला पैसे नव्हते म्हणून तिथेच थांबले. त्या कागदावरची पाषाणाची खोली आम्ही आडाच्या खोलीशी ताडून पाहिली. हातभराचा फरक निघाला. यंत्राने चार दिवसांत जे काढले ते त्या म्हाताऱ्या माणसाने पहारीने पन्नास वर्षांपूर्वी काढले होते. त्याच्या नोंदीला शिक्का नव्हता, इतकेच.

आता तो शिक्का ग्रामसभेने मारायचा आहे.

ज्याला वाचता येते त्याने हा अंक वस्तीत वाचून दाखवावा, आणि तुमच्याकडे कोणते यंत्र आले होते ते आम्हाला कळवावे.

जिंदाबाद!